भिवापूरचे बंद स्टेशन आणि गँगमनचा न लिहिलेला इतिहास

नोव्हेंबर २०१९ मध्ये नागपूर–नागभीड नॅरोगेज रेल्वे बंद झाली. इतवारीहून निघून कुही, उमरेड, भिवापूर करत नागभीडला पोचणारी सुमारे १०६ किलोमीटरची ही लाईन. ब्रॉडगेजच्या कामासाठी ती बंद करण्यात आली. शेवटच्या दिवसांत गाडीचे फोटो निघाले, व्हिडिओ निघाले, "आमच्या बालपणीची छोटी गाडी" म्हणून लोक हळहळले. वर्तमानपत्रांनी आठवणी छापल्या. भिवापूरचे नॅरोगेज स्टेशन आणि त्याच्यासारखी या मार्गावरची कितीतरी लहान स्टेशने त्या दिवशी इतिहासजमा झाली.

हळहळ आम्हालाही वाटली. आमच्या नात्यागोत्यातली माणसे याच गाडीने नागपूरला यायची. पण त्या सगळ्या आठवणी वाचताना एक गोष्ट खटकली. आठवणींत इंजिन होते, शिटी होती, खिडकीतून दिसणारे जंगल होते, स्टेशन मास्तर होता. ज्या माणसाने रोज पायी चालून हा रूळ सांभाळला, तो गँगमन मात्र कुठेच नव्हता. आणि तो गँगमन कोणत्या वस्तीतून येत होता, हा प्रश्न तर कोणी विचारलाच नाही.

स्टेशन बंद होते तेव्हा त्याचा इतिहास लिहायला सुरुवात होते. तो इतिहास कोण लिहिणार आणि कोणाचा लिहिणार, एवढाच या लेखाचा मुद्दा आहे.

लाईन कोणासाठी आली?

मुंबईहून निघालेली ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे १८६७ मध्ये नागपूरला पोचली. पुढे दहा वर्षांनी, १८७७ मध्ये, टाटांची एम्प्रेस मिल इथे सुरू झाली. रेल्वे आली ती वऱ्हाड-नागपूरचा कापूस बंदरापर्यंत नेण्यासाठी. प्रवासी हा तिच्या हिशेबात नंतर आला. १८८७ मध्ये बंगाल नागपूर रेल्वे कंपनी स्थापन झाली आणि नागपूर पूर्वेकडे कलकत्त्याच्या दिशेने जोडले जाऊ लागले.

मोठ्या लाईनींच्या मधला मुलूख तसाच राहिला होता. १८८० च्या दुष्काळ आयोगाने रेल्वेचे जाळे वाढवण्याची शिफारस केली होती; दुष्काळी भागात धान्य लवकर पोचावे, हे त्यामागचे कारण. तरीही १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांनी मध्य प्रांताचे कंबरडे मोडले. त्यानंतरच्या काळात बंगाल नागपूर रेल्वेने सातपुड्यात आणि वैनगंगेच्या खोऱ्यात अडीच फुटी रुळांचे जाळे विणले. अरुंद रूळ, हलके डबे, कमी खर्च. नागपूर–नागभीड ही त्याच जाळ्यातली एक फांदी.

दुष्काळात सर्वात आधी गाव कोणाला सोडावे लागते? ज्याच्याकडे जमीन नाही त्याला. याच लाईनवरच्या उमरेडमध्ये १८९२ साली एका महार कुटुंबात जाईबाई चौधरींचा जन्म झाला. १८९६ च्या दुष्काळात त्यांचे कुटुंब पोट भरण्यासाठी नागपूरला आले. तेव्हा उमरेडला रेल्वे नव्हती. ज्यांच्या उपाशी पोटाचे कारण पुढे करून रेल्वे वाढवली गेली, ती माणसे रेल्वे येण्याआधीच गावाबाहेर पडली होती.

जाईबाईंचे पुढचे आयुष्य आपल्यापैकी अनेकांना माहीत आहे, तरी या संदर्भात ते पुन्हा सांगितले पाहिजे. लहान वयात लग्न झाले. कामठी आणि नागपूरच्या दरम्यान डोक्यावर ओझी वाहून नेण्याची हमाली त्यांनी केली. एका मिशनरी बाईंनी त्यांना लिहिता-वाचता येते हे हेरले आणि महिना चार रुपयांवर शिक्षिकेची नोकरी दिली. शिकवणारी बाई अस्पृश्य आहे हे कळताच सवर्ण पालकांनी मुले काढून घेतली आणि ती नोकरी गेली. पुढे १९२० च्या दशकात त्यांनी नागपुरात चोखामेळ्याच्या नावाने मुलींची शाळा काढली. हमाल बाई शाळेची संस्थापक झाली.

हा इतिहास आज आपल्याला माहीत आहे कारण ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी 'आम्हीही इतिहास घडवला' या पुस्तकासाठी गावोगाव फिरून तो गोळा केला. तो कुणी आयता आणून दिला नव्हता. ही गोष्ट लक्षात ठेवा, शेवटी तिच्याकडे परत येऊ.

स्टेशन म्हणजे रुळावर वसवलेले गाव

लहान स्टेशनाची रचना डोळ्यांपुढे आणा. मध्ये तिकीटघर आणि मास्तरची खोली. बाजूला मास्तरचे क्वार्टर. त्याच्या हाताखाली पॉइंट्समन आणि पोर्टर. आणि स्टेशनच्या हद्दीबाहेर, रुळाच्या कडेला, गँग. एक मुकादम, एक किमन आणि बाकी गँगमन. किमन रोज सकाळी हातोडी आणि चाव्या घेऊन आपला पल्ला पायी तपासतो, निसटलेली चावी ठोकतो. गँग गिट्टी भरते, स्लीपर बदलते, सब्बल लावून रूळ सरळ करते. पावसाळ्यात पूल आणि नाल्यांवर गस्त असते. मे महिन्यात विदर्भाचे ऊन ४५ अंशांवर जाते तेव्हा रूळ तापून वाकतो, म्हणून भर दुपारी रुळावरच उभे राहावे लागते. गाडी वेळेवर येण्यामागे ही सगळी मेहनत आहे.

आता ही रचना गावाच्या रचनेशी ताडून पाहा. मध्ये वाडा, भोवती मानकरी आणि वेशीबाहेर आपली वस्ती. स्टेशन वेगळे कुठे होते?

हे आम्ही आज बसून लावलेले तर्कट नाही. १२ आणि १३ फेब्रुवारी १९३८ ला मनमाडला जी.आय.पी. रेल्वेतील अस्पृश्य कामगारांची परिषद झाली. अध्यक्षपदावरून बोलताना बाबासाहेबांनी रेल्वेची हीच रचना कामगारांपुढे उलगडून दाखवली. अस्पृश्य कामगार गँगमन म्हणून लागतो आणि जन्मभर गँगमनच राहतो, त्याला वर जाण्याची वाट नाही, हे त्यांनी सांगितले. त्याला साधा पोर्टरसुद्धा का होता येत नाही, याचे कारणही त्यांनी दिले. पोर्टरकडून स्टेशन मास्तर घरची कामे करून घेतो. मास्तर बहुधा सवर्ण हिंदू. अस्पृश्याला पोर्टर केले तर त्याला घरात कसे घेणार? पाणी कसे भरून घेणार? म्हणून अस्पृश्य पोर्टर नकोच. वर्कशॉपमध्येही मेकॅनिक, फोरमन यांसारख्या जागा अस्पृश्यांच्या वाट्याला क्वचितच येत.

या एका उदाहरणात किती गोष्टी आहेत ते बघा. पोर्टरच्या कामात असे कोणते कौशल्य होते जे गँगमनला जमले नसते? कंपनीच्या नियमात त्याला बंदी होती का? कारण नियमाच्या पुस्तकात नव्हते, मास्तरच्या माजघरात होते. माजघराचा विटाळ कारखान्याची, कंपनीची, आधुनिक म्हणवणाऱ्या रेल्वेची बढती ठरवत होता. मुंबईच्या गिरण्यांत हेच दुसऱ्या रूपात होते. विणकाम खात्यात तुटलेला धागा थुंकी लावून जोडावा लागे, म्हणून त्या जास्त मजुरीच्या खात्यात अस्पृश्यांना प्रवेश नव्हता. सूतकताई खात्यात मात्र चालत होते.

याच मनमाडच्या भाषणात बाबासाहेबांनी कामगारांचे दोन शत्रू सांगितले: ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही. ब्राह्मणशाही म्हणजे एका जातीची माणसे असा अर्थ नाही, स्वातंत्र्य, समता आणि बंधुता नाकारणारी वृत्ती म्हणजे ब्राह्मणशाही, आणि ती कोणत्याही जातीत असू शकते, हेही त्यांनी तिथेच स्पष्ट केले. हे वाक्य आपण व्यासपीठावरून पुष्कळ ऐकतो. पण ते रेल्वे कामगारांपुढे, गँगमन आणि पोर्टरचे उदाहरण देऊन सांगितले होते, हे किती जणांना ठाऊक आहे?

मार्क्सचे भाकीत आणि मसूरचे स्टेशन

१८५३ मध्ये, भारतात पहिली प्रवासी गाडी धावली त्याच वर्षी, कार्ल मार्क्सने एका अमेरिकन वर्तमानपत्रात लिहिले होते की रेल्वेतून उभे राहणारे आधुनिक उद्योग भारतातील पिढीजात श्रमविभागणी मोडतील आणि त्या श्रमविभागणीवर उभी असलेली जात विरघळेल. आजही काही मित्र चर्चेत हा मुद्दा मांडतात. उद्योग वाढू द्या, शहरे वाढू द्या, जात आपोआप जाईल.

बाबासाहेबांनी १९३६ मध्ये 'जातिप्रथेचे विध्वंसन'मध्ये याचे उत्तर दिले. जात ही नुसती श्रमाची विभागणी नाही, श्रमिकांची विभागणी आहे, आणि ती एकावर एक अशी उतरंड लावलेली आहे. काम बदलले तरी उतरंड राहते. भिवापूरच्या लाईनवर काम पूर्ण नवे होते. मनुस्मृतीत गँगमन नाही, पॉइंट्समन नाही. तरी कोण रुळावर आणि कोण खोलीत, हे ठरवायला जुनीच मोजपट्टी वापरली गेली.

हे बाबासाहेबांना पुस्तकातून कळले नव्हते. १९०१ साल. वडील सातारा जिल्ह्यात गोरेगावला कॅशियर होते. दुष्काळी कामावर तलाव खोदला जात होता. उन्हाळ्याच्या सुट्टीत भीमराव, त्यांचे थोरले भाऊ आणि बहिणीची मुले वडिलांना भेटायला रेल्वेने निघाली आणि मसूर स्टेशनवर उतरली. घ्यायला कोणी आले नव्हते. चांगले कपडे घातलेली मुले पाहून स्टेशन मास्तरने आपुलकीने चौकशी केली. मुलांनी जात सांगितली आणि त्याचा चेहरा बदलला. तो खोलीत निघून गेला. अर्ध्या तासाने परत आला. बैलगाडीवाले बसवून घ्यायला तयार नव्हते. शेवटी दुप्पट भाडे देऊन, गाडी मुलांनीच हाकायची आणि गाडीवान बाजूने चालणार, अशा अटीवर गाडी मिळाली. वाटेत जेवण सोबत असून पाणी मिळाले नाही.

गाडीच्या डब्यात बसेपर्यंत ती मुले प्रवासी होती. स्टेशनवर उतरताच ती महार झाली. रेल्वे आणि जात यांचा इतिहास या दोन वाक्यांत येतो. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' मध्ये बाबासाहेबांनी हा प्रसंग स्वतः लिहिला आहे. ज्या तरुणांनी तो वाचला नसेल त्यांनी आजच वाचावा.

मग रेल्वेने आपल्याला काहीच दिले नाही का?

दिले. प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. डब्यात तिकीट चालते, जात विचारून जागा देता येत नाही. तिसऱ्या वर्गाच्या गर्दीत कोणाच्या अंगाला कोणाचे अंग लागले याचा हिशेब ठेवता आला नाही. विटाळ मानणाऱ्यालाही त्याच बाकावर बसावे लागले.

दुसरी गोष्ट पगाराची. मध्य प्रांतात गावकीचे कोतवालकीचे काम बहुधा महारांकडे असे. त्याचा मोबदला धान्याच्या रूपाने, खळ्यावर, मालगुजार आणि शेतकऱ्यांच्या मर्जीने. हात पसरून घ्यायचे आणि वरून ऐकून घ्यायचे. गँगमनचा पगार कमी होता, पण तो महिन्याला आणि रोख होता. तो कोणाच्या ओसरीसमोर उभे राहून मागावा लागत नव्हता. रोख पैशातून मुलाची पाटी आली, वसतिगृहाची फी आली. रेल्वेच्या नोकरीतील पहिल्या पिढीच्या खांद्यावर उभी राहून शिकलेली दुसरी पिढी आपल्या चळवळीत किती दिसते, हे नागपूरच्या कुठल्याही बुद्धविहारात जाऊन विचारा.

मात्र ही वाट कंपनीच्या मेहरबानीने रुंद झाली नाही. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळताना बाबासाहेबांनी आग्रह धरला, तेव्हा १९४३ मध्ये केंद्र सरकारच्या नोकऱ्यांत अनुसूचित जातींसाठी ८.३३ टक्के जागा राखीव झाल्या, आणि १९४६ मध्ये ते प्रमाण १२.५ टक्के झाले. बंगाल नागपूर रेल्वे १९४४ मध्ये सरकारने ताब्यात घेतली होती. गँगमनचा मुलगा क्लार्क, गार्ड, स्टेशन मास्तर होण्याची वाट राखीव जागांमुळे कायद्याने उघडली. मास्तरच्या माजघरातून ठरणारी बढती कागदावर यायला सुरुवात झाली.

तिसरी गोष्ट, आमच्या घरातली. १४ ऑक्टोबर १९५६ नंतर दरवर्षी दसऱ्याला दीक्षाभूमीवर येणाऱ्यांमध्ये या छोट्या गाडीने येणारी माणसेही असत. आमच्या घरातील थोरली माणसे सांगत: पांढरे लुगडे, कापडात बांधलेल्या भाकरी आणि चटणी, इतवारीला उतरून दीक्षाभूमीपर्यंत पायी. याच स्टेशनांच्या फलाटावरून एकेकाळी माणसे दुष्काळाने हाकलली जाऊन मजुरीच्या शोधात निघायची. आता त्याच फलाटावरून ती ताठ मानेने धम्माकडे निघाली होती. स्टेशनच्या इतिहासात हे पान कोण घालणार?

हेरिटेज कोणाचे?

नागपुरात कामठी रोडजवळ मोतीबागेत २००२ पासून नॅरोगेज रेल्वे म्युझियम आहे. चांगले आहे, मुलांना घेऊन जरूर जा. जुनी इंजिने, डबे, सिग्नलची उपकरणे तिथे जपली आहेत. याच कामठी–नागपूर वाटेवर जाईबाई चौधरींनी ओझी वाहिली. शेजारी इंदोऱ्यासारखी आपल्या चळवळीची वस्ती आहे. यंत्र जपले गेले. ज्या हातांनी रूळ धरला आणि ज्या डोक्यांनी माल वाहिला, त्यांचीही एक भिंत असावी, ही मागणी फार मोठी आहे का?

लाईन रुंद करण्याच्या चर्चेत उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यामुळे वाघांच्या भ्रमणमार्गाचा प्रश्न आला. तो यायलाच हवा होता. नॅरोगेजप्रेमींनी वारशाचा प्रश्न मांडला. तोही मांडावा. पण भिवापूरच्या मिरची सातऱ्यावर दिवसभर देठ खुडून, हाताची आग सोसत मजुरी मिळवणाऱ्या बाईचा स्वस्त प्रवास बंद झाला, तिने आता एस.टी.चे किंवा काळी-पिवळीचे भाडे कुठून भरायचे, हा प्रश्न त्याच चर्चेत बरोबरीने का आला नाही? वाघाला वकील मिळाला, इंजिनाला चाहते मिळाले. मजुराला त्या चर्चेत खुर्चीच नव्हती.

ब्रॉडगेज यावी, वेग वाढावा, याला आमचा विरोध नाही. छोटी गाडी गोड होती म्हणून गरिबाने सावकाशच प्रवास करावा, असे म्हणणे ही चैन आहे. प्रश्न असा आहे की नवी गाडी लहान गावात थांबणार का? तिच्यात पुरेसे साधे डबे असणार का? आणि रूळ सांभाळण्याचे काम कायम नोकरीत राहणार की ठेकेदाराकडे जाणार? ठेकेदारीत राखीव जागा नसतात. कायम पगारही नसतो. गँगमनची नोकरी ठेक्यावर गेली की खळ्यावरच्या धान्याचे दिवस नव्या नावाने परत येतात. फरक इतकाच की मालगुजाराच्या जागी ठेकेदार.

काही जण म्हणतील, "प्रत्येक गोष्टीत जात कशाला आणता? स्टेशनच्या आठवणीही नीट घेऊ देत नाही." आमचे उत्तर साधे आहे. जात आम्ही आणली नाही. ती तिथेच होती, पोर्टरच्या भरतीत होती, पाण्याच्या घड्यापाशी होती, मसूरच्या फलाटावर होती. आम्ही फक्त ती वाचून दाखवतो आहोत. गोड आठवणी काढण्याचा हक्क सर्वांना आहे, पण गोड आठवणींनाच इतिहास म्हणून खपवले तर ज्यांच्या आठवणी गोड नव्हत्या त्यांचे काय?

आता करायचे काय?

जाईबाईंचा इतिहास वाचला कारण दोन बायांनी वही घेऊन माणसे गाठली. तसेच काम या लाईनवर करता येईल आणि ते आत्ताच करावे लागेल. नॅरोगेजवर काम केलेली शेवटची पिढी आज म्हातारी आहे.

उमरेड, कुही, भिवापूर, नागभीड परिसरातील तरुणांनी आपल्या वस्तीत निवृत्त गँगमन, किमन, खलाशी शोधावेत. मोबाईल प्रत्येकाच्या खिशात आहे. त्यावर त्यांचे बोलणे रेकॉर्ड करावे. प्रश्न नेमके विचारावेत. भरती कोणत्या साली झाली? गँगमध्ये कोणत्या कोणत्या समाजाचे लोक होते? मुकादम कोण होता? पाणी कुठून प्यायचात? मास्तरच्या घरचे काम कोण करायचे? बढती मागितली होती का, आणि काय उत्तर मिळाले? युनियनमध्ये कोण होते? दीक्षाभूमीला पहिल्यांदा कधी आणि कसे गेलात? गँगमनच्या बायकोला वेगळे विचारावे. क्वार्टर, पाणी, मुलांची शाळा यांबद्दल तिच्याकडे जे आहे ते नवऱ्याकडे नसते. घरात जुना पास, सर्व्हिस बुक, पगाराची चिठ्ठी, पितळी बिल्ला असेल तर फोटो काढून ठेवावा. मूळ वस्तू मात्र त्या घरातच राहू द्यावी.

हे गोळा झाले की गावच्या बुद्धविहारात एक दिवस त्याचे प्रदर्शन लावावे आणि त्या म्हाताऱ्या गँगमनच्या हातून त्याचे उद्घाटन करावे. मग त्याची एक प्रत घेऊन मोतीबागेच्या म्युझियमकडे रीतसर लेखी अर्ज करावा की एका भिंतीवर ही माणसेही लावा. अर्जाची पोच घ्यायला विसरू नये.

भिवापूरला उद्या मोठी गाडी थांबेल, नवी पाटी लागेल. त्या पाटीखाली उभ्या राहिलेल्या आपल्या मुलाने विचारले की इथे आपले कोण होते, तर उत्तर देताना आपल्याकडे नाव, साल आणि फोटो असला पाहिजे.

जय भीम.